सुकतळ्यावरचा ठसा

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, पाय सगळ्यात आधी कुठे बोलायला लागले? बहुतेक जण चवड्यावर बोट ठेवतील, अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी. पहाटे होटगी रस्त्यावर धावणाऱ्यांचंही दुखणं तेच. जुन्या बुटातला सुकतळा काढून उजेडात धरला, की टाचेखाली एक आणि चवड्याखाली एक असे दोन काळे खड्डे दिसतात. मधला कमानीचा भाग मात्र नव्यासारखा कोरा.

धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर सोसावा लागतो. १० किलोमीटरमध्ये एकेक पाय सुमारे ५ हजार वेळा टेकतो. जोर तितकाच असला तरी तो जितक्या कमी जागेवर पडेल तितका दाब वाढतो. सुकतळ्याचं सगळं शास्त्र या एवढ्याशा गोष्टीवर उभं आहे.

हे दुखणं आधी सैन्यात लक्षात आलं. लांब कूच केलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये केली. क्ष-किरण आल्यावर कळलं, की त्या पावलांच्या हाडांना बारीक तडे जात होते. पुढे न्यूयॉर्कचे शल्यविशारद रॉयल व्हिटमन यांनी सपाट पावलांसाठी धातूची पट्टी बनवली. त्या काळी सपाट पाऊल म्हणजे आजारच समजत. कॅनडात हॅरिस आणि बीथ यांनी शाई लावलेल्या रबरी चटईवर सैनिकांच्या पावलांचे ठसे घेतले आणि १९४७ मध्ये सांगितलं, की लवचिक सपाट पाऊल बहुतेकदा धडधाकटच असतं. आजही सपाट पाऊल दिसलं की लगेच महागडा सुकतळा गळ्यात मारणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेल्लोरचं काम. तिथे डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या पायांवर उपचार करत. बधिर पायाला जखमा होतात त्या रोगाने मांस सडून नव्हे, तर एकाच जागी पुन्हापुन्हा पडणाऱ्या दाबाने, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यातून मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या चपला आल्या. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांनाही आज त्याच विचाराची पादत्राणं देतात.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर मॅरेथॉन जिंकला आणि अमेरिकेत धावण्याची लाट आली. दुखणाऱ्या पायांसाठी सुकतळे बुटांत शिरले. पुढे बुटाच्या आत बसणारे पातळ दाबमापक आल्यावर पावलाखाली काय चाललंय ते आकड्यांत दिसू लागलं. जर्मनीत म्युन्स्टरला २०० मॅरेथॉनपटूंचे पाय शर्यतीआधी आणि नंतर तपासले. २००८ साली छापून आलेला निष्कर्ष असा, की शर्यतीनंतर बोटांखालचा दाब घटतो आणि चवड्याखालचा वाढतो. थकलेली बोटं आपला वाटा उचलत नाहीत, तो भार चवड्यावर येतो.

कमानीला भिडणारा सुकतळा इथे कामाला येतो. तो वजन कमी करत नाही. कोरा राहिलेला मधला भाग टेकवून तो टेकणारी जागा वाढवतो, त्यामुळे टाच आणि चवड्यावरचा सर्वाधिक दाब उतरतो. पण तो दाब कमानीकडे सरकतो, म्हणून फार कडक किंवा उंच कमान टोचते. दाब घटला म्हणजे दुखापत टळलीच, असंही नाही. कॅनडातल्या कॅलगरीच्या संशोधकांनी सैनिकांना अनेक सुकतळ्यांतून सर्वात आरामशीर वाटणारा स्वतः निवडायला लावला, त्या गटात दुखापती कमी झाल्या. त्यामुळे दुकानात नुसता दाबून पाहू नका, बुटात घालून चार पावलं धावा.

मी गेल्या पावसाळ्यात सुकतळे बदलले. सुरुवातीला रोज दोन-तीन किलोमीटरच धावलो, कमान दुखत होती. परवा बूट उन्हात ठेवताना पाहिलं, आता कमानीखालीही फिकट डाग पडलाय आणि चवड्याचा खड्डा पहिल्याइतका खोल नाही.