पेपरात नाव कुठे: लेखकांत की आभारात?

मार्च आला की रत्नागिरी-दापोली पट्ट्यातली रिसर्च करणारी पोरं मला तेच दोन प्रश्न विचारतात. "मॅडम, मी एवढी राबले तरी माझं नाव आभारातच का?" आणि "सरांनी पेपर वाचलासुद्धा नाही, तरी त्यांचं नाव टाकावंच लागतं ना?" दोन्हीकडे लेखक आणि आभार यांचीच गल्लत, वर्षानुवर्षं तशीच चाललीये, आणि आता खरंच कंटाळा आलाय.

आभार सगळ्यांना कळतात. मदत झाली, नाव लिहिलं, धन्यवाद. फर्स्ट ऑथर आणि करस्पाँडिंग ऑथर यांचंही फार काही नाही, पहिल्याने सहसा जास्त काम केलेलं असतं, दुसरा जर्नलशी पत्रव्यवहार बघतो, बस.

अडतं ते लेखक कुणाला म्हणायचं इथे. आपल्या डोक्यात रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा हिशोब पक्का बसलाय, मालवणात रापण ओढायला जो दोराला लागला त्याला वाटा, मग पेपरचंही तसंच असणार. पण लेखकांत नाव लागलं की उद्या कुणी आकड्यांवर बोट ठेवलं तर उत्तर द्यायचं तुमच्याही अंगावर येतं, मासळीचा वाटा घरी नेताना असलं काही मागे लागत नाही. मेडिकल जर्नलांच्या संपादकांची आयसीएमजेई म्हणून समिती आहे, 1978 मध्ये व्हँकुव्हरला भेटलेल्या संपादकांपासून सुरू झालेली, आणि तिच्या अटी मेडिकलच्या बाहेरही बरेच जण धरतात. आखणीत, डेटा मिळवण्यात, विश्लेषणात किंवा अर्थ लावण्यात भरीव वाटा हवा, लिखाणात किंवा मसुदा कसून तपासण्यात सहभाग हवा, छापायच्या मसुद्याला मंजुरी हवी आणि कामाची जबाबदारी घ्यायची तयारी हवी, ही शेवटची अट 2013 मध्ये आली. चारही लागतात. नुसता फंड आणला किंवा नुसतं ग्रुपवर लक्ष ठेवलं तर लेखक होत नाही हे तिथे स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे न वाचणाऱ्या सरांचा प्रश्न तिथेच मिटला.

राबणाऱ्या पोरीचा मात्र मिटत नाही, कारण याच चार अटी दाखवून तिला बाहेर काढतात, आणि याची मला भयंकर चीड आहे. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टात एक असिस्टंट होती, पहाटे रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर बांगडे मोजायची, ओल्या हातांनी वहीत पेन्सिलीने लिहायची कारण शाई पसरते. तिच्या लक्षात आलं की आपण क्रेटमधले मासे घेतोय आणि क्रेट तर आधीच लहान-मोठे निवडून भरलेत, म्हणजे सरासरी लांबी चुकीचीच येणार. मग तिने बोटीवरून मासळी उतरली की निवडायच्या आधीच मोजायला सुरुवात केली. पूर्ण सॅम्पलिंग त्यावर उभं राहिलं. आणि पेपर निघाला तेव्हा नाव आभारात, का तर "तिने लिखाणात काय केलं?" अहो, तिला मसुदा दाखवलाच कुठे होता!

त्याच नियमांत लिहिलंय की जो पहिली अट पूर्ण करतो त्याला मसुदा लिहायची, तपासायची आणि मंजुरी द्यायची संधी मिळालीच पाहिजे. म्हणजे आधी दार लावून घ्यायचं आणि मग आत का आली नाहीस विचारायचं, हे नियमातच बसत नाही. हा भाग कुणी वाचतच नाही. समजा कुणी सांगितल्याप्रमाणे फक्त दोन दिवस पट्टी धरली, तर आभार ठीक आहेत, त्यात कमीपणा नाही. पण पद्धत सुधारणाऱ्याला मसुदा पाठवाच, तो नको म्हणाला तर गोष्ट वेगळी. माझ्या टीममध्ये पहिलं सॅम्पल घ्यायच्या आधी कोण काय करणार ते एका कागदावर लिहितो, काम बदललं की कागद बदलतो, आणि हे तोंडी ठेवायला माझा ठाम विरोध आहे.

आणि आभारातही नाव न विचारता टाकू नका, वाचणाऱ्याला वाटतं त्या माणसाला निष्कर्ष मान्य आहेत, म्हणून लेखी परवानगी घ्यावी. मागच्या पेपराला आमच्या तांडेलकाकांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या काकांना विचारलं तर म्हणाले, "नाव घाल गो, पण मासे कुठे गावले ती जागा छापू नको." नकाशावरचा तो ठिपका आम्ही काढून टाकला.