घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण : अर्ज नाही, तरी पात्रता कशी ठरते आणि कोणती कागदं जवळ ठेवायची

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. घरात खाण्यापिण्यावर, वस्तूंवर आणि सेवांवर किती खर्च होतो हे मोजणाऱ्या या सर्वेक्षणासाठी अर्ज नसतो. सेतू केंद्रात, ग्रामपंचायतीत किंवा तहसीलला त्याचा फॉर्म मिळत नाही. ‘तुमचं नाव खर्चाच्या सर्व्हेत घालून देतो, दोनशे रुपये द्या’ असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. घरांची निवड केंद्र सरकारचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय नमुना पद्धतीनं करतं. वशिल्यानं त्यात शिरता येत नाही आणि तिथं शिरल्यानं कुठलं अनुदानही मिळत नाही.

तरीही हा विषय सविस्तर लिहायचं कारण आहे. निवड झालेल्या घरानं दिलेली उत्तरं फार लांबवर पोचतात. रेशनचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये आला. कोणत्या राज्यातल्या किती लोकांना स्वस्त धान्य द्यायचं, हे तेव्हाच्या नियोजन आयोगानं २०११-१२ च्या याच खर्च सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून ठरवलं. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण भागातले ७६.३२ टक्के आणि शहरी भागातले ४५.३४ टक्के लोक आले, म्हणजे सुमारे सात कोटी माणसं. ‘इष्टांक संपला, नवीन नाव बसत नाही’ असं आज तहसीलच्या पुरवठा शाखेत ऐकायला मिळतं. तो इष्टांक, म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं याची ठरलेली मर्यादा, त्याच हिशेबातून आलेला आहे. महागाई मोजतानाही धान्याला किती वजन द्यायचं आणि भाड्याला किती, हे याच सर्वेक्षणावरून ठरतं.

घर कसं निवडतात

मागची दोन सर्वेक्षणं लागोपाठ झाली. पहिलं ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ आणि दुसरं ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४. दुसऱ्यात देशभरात २,६१,९५३ कुटुंबांची माहिती घेतली. त्यात १,५४,३५७ घरं खेड्यांतली आणि १,०७,५९६ घरं शहरांतली होती. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २५ कोटी कुटुंबं होती. त्या मानानं पाहिलं तर निवडलेलं एक घर साडेनऊशे घरांच्या वतीनं बोलतं.

आधी गावं आणि शहरातले वॉर्डांपेक्षा लहान ब्लॉक निवडले जातात. निवडलेल्या गावात अधिकारी येऊन घरांची यादी करतात. गाव मोठं असेल तर त्याचे भाग पाडून त्यातला काही भाग घेतात. यादी करताना प्रत्येक घराला दोन-चार साधे प्रश्न विचारतात. त्यावरून खेड्यात जमिनीप्रमाणे आणि शहरात घरची मोटार आहे की नाही याप्रमाणे कुटुंबांचे गट पडतात. प्रत्येक गटातून चिठ्ठी काढल्यासारखी घरं निघतात, एका गावातून साधारण अठरा. त्यामुळं बागायतदार आणि भूमिहीन मजूर दोघांचीही घरं त्यात येतात. शेजाऱ्याकडं अधिकारी तीनदा आले आणि आपल्याकडं एकदाच, यावरून गावात कुजबुज होते. शेजाऱ्याचं घर चिठ्ठीत निघालं आणि आपलं नाही, त्यामागं एवढंच कारण असतं.

सर्वेक्षणाच्या कागदोपत्री मराठवाड्याचं नाव ‘इनलँड सेंट्रल’ असं आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, हिंगोली आणि नांदेड हे आठही जिल्हे त्या एकाच विभागात मोडतात. महाराष्ट्राचे असे सहा विभाग आहेत. आपल्या भागाचे आकडे शोधायचे असतील तर हे नाव लक्षात ठेवा.

‘पात्रता’ : एक चूल, एक कुटुंब

इथं पात्रता म्हणजे कुटुंबाची व्याख्या. जी माणसं नेहमी एकत्र राहतात आणि एकाच चुलीवरचं जेवतात ती एक कुटुंब. रेशनकार्डावर कुणाची नावं आहेत किंवा सातबारा कुणाच्या नावावर आहे, याचा इथं संबंध नाही. दोन भाऊ एका वाड्यात राहतात, पण चुली वेगळ्या, तर ती दोन कुटुंबं. कार्डं दोन असली तरी स्वयंपाक एकत्र होत असेल तर ते एक कुटुंब. लातूरला किंवा संभाजीनगरला वसतिगृहात शिकणारा मुलगा गावच्या घरात धरला जात नाही, कारण वसतिगृहात राहणाऱ्याला स्वतंत्र एकट्याचं कुटुंब मानतात.

आपल्याकडं खरी अडचण येते ती ऊसतोडीच्या घरांची. एकूण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहणारा माणूस घरातलाच मोजायचा आणि तेवढ्याच काळासाठी आलेला पाहुणा सोडायचा, असा नियम आहे. बीड, जालना, परभणीकडची जोडपी दिवाळीच्या आसपास निघतात आणि गळीत हंगाम संपला की परततात. हंगाम लवकर आटोपला तर ती गावच्या घरात धरली जातात, लांबला तर प्रश्न उभा राहतो. म्हणून घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांनी अधिकाऱ्याला अंदाजानं ‘ते इथं नसतात’ असं सांगून मोकळं होऊ नये. कधी गेले आणि कधी येणार, ते महिन्यासकट सांगावं. ते मोजायचे की नाही, हे अधिकारी नियमाप्रमाणे ठरवतील.

भेटी किती आणि कशासाठी

तीन महिन्यांत तीन भेटी होतात, महिन्याला एक. पूर्वी एकाच बैठकीत सगळं विचारायचे आणि उत्तरं देणारा शेवटी कंटाळून जायचा. आता प्रश्नावली तीन भागांत विभागली आहे. एक भाग खाण्यापिण्याचा, दुसरा रोजच्या वापराच्या वस्तू आणि सेवांचा, तिसरा टिकाऊ वस्तूंचा. कुटुंबाची साधी माहिती वेगळी घेतात. सगळं टॅबलेटवर भरलं जातं. २०११-१२ मध्ये वस्तूंची यादी ३४७ होती, २०२२-२३ मध्ये ती ४०५ झाली.

उत्तरं कुणी द्यायची, यावर माझं ठाम मत आहे. खाण्याच्या भेटीला घरातली बाई समोर हवी. तेलाची पिशवी किती दिवस पुरते, आठवड्यात अंडी किती आणली, हे तिलाच माहीत असतं. पुरुषानं ओसरीवर बसून दिलेलं उत्तर बहुतेक वेळा अंदाजाचं असतं.

कागदपत्रं

सक्तीचं कागदपत्र एकही नाही. आधारची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला यातलं काहीही लागत नाही. उत्पन्नाचा आकडाही या सर्वेक्षणात विचारत नाहीत, घर मुख्यतः कशावर चालतं एवढंच विचारतात. पण काही कागद हाताशी असले की उत्तर नेमकं देता येतं. किराणा दुकानाची उधारीची वही, लाइट बिल, सिलिंडरची पावती, शाळा-क्लासच्या फीच्या पावत्या, दवाखान्याची बिलं आणि रेशनकार्ड एका पिशवीत काढून ठेवा. वर्षाचा हिशेब विचारतात तेव्हा दवाखान्याच्या बिलांचा फार उपयोग होतो.

प्रत्येक वस्तूचा कालावधी वेगळा असतो आणि तिथंच लोक गोंधळतात. भाजीपाला, फळं, तेल, अंडी, मटण-मासे, मसाले, चहा-नाश्ता, पान-तंबाखू यांचा मागच्या सात दिवसांचा खर्च सांगायचा. ज्वारी, गहू, तांदूळ, डाळी, साखर, मीठ, दूध, सरपण, गॅस यांचा तीस दिवसांचा. कपडे, चपला, शिक्षण, दवाखान्यात भरती होऊन झालेले उपचार, भांडी, गाडी, दागिने यांचा ३६५ दिवसांचा.

घरच्या ज्वारीचा हिशेब

आपल्याकडं सर्वांत जास्त चूक इथं होते. ‘धान्याला काही खर्च नाही, घरचंच आहे’ असं सांगितलं की त्या घरातल्या भाकरी हिशेबातून गायब होतात. या सर्वेक्षणाला पैसे किती गेले एवढंच नको असतं, घरानं काय आणि किती वापरलं तेही हवं असतं. घरच्या शेतातली ज्वारी, तूर, शेंगा, गाईचं दूध, बांधावरची शेवग्याची शेंग, सगळं किलोत सांगायचं. त्याची किंमत शेतावरच्या भावानं धरतात, किरकोळ दुकानाच्या भावानं नाही. महिन्याला किती पायल्यांचं दळण जातं आणि तुमच्याकडं पायलीत किती किलो बसतात, हे सांगितलं तरी काम होतं. हुरड्याच्या दिवसांत रानात खाल्लेला हुरडाही मोजायचा.

सालगड्याला सालाच्या बोलीत मिळालेलं धान्य त्याच्या घरात मोजलं जातं, मग त्यासाठी त्यानं रोख दिलेली नसली तरी. भेट आलेली किंवा फुकट गोळा केलेली वस्तू स्थानिक बाजारभावानं धरतात. रेशनच्या फुकट धान्याचं प्रमाणही विचारतात. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदयला कार्डामागं ३५ किलो हा हक्क आहे, पण तिथं हक्क सांगायचा नाही. प्रत्यक्ष किती मिळालं आणि त्यातलं किती खाल्लं, ते सांगायचं. दुकानदारानं तीन किलोच दिलं असेल तर तीनच सांगा. केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना मराठवाड्यासह चौदा जिल्ह्यांत २०२३ पासून धान्याऐवजी खात्यावर पैसे येतात. त्या पैशातून आणलेला गहू हा बाजारातून विकत घेतलेला गहू, रेशनचा नाही.

शाळेतली खिचडी मुलानं किती वेळा खाल्ली, हेही विचारतात. घरी कार्य झालं का आणि बाहेरची किती माणसं जेवली, हेही. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडं निम्मं गाव दुसऱ्याच्या रानात भज्जी-आंबील जेवतं. ते अन्न ज्या घरात शिजलं त्या घरात मोजलं जातं, खाणाऱ्याच्या नाही. म्हणून यजमानानं त्या दिवशीचं पीठ, डाळी, भाज्या लपवू नयेत आणि पाहुण्यानं आपल्या खात्यात घालू नयेत.

वापरलेल्या प्रमाणावरूनच पुढं उष्मांक आणि प्रथिनं काढतात. २०२३-२४ मध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला सरासरी २,२१२ किलोकॅलरी मिळत होत्या, शहरातल्या माणसाला २,२४०. पायलीभर ज्वारी सांगायची राहिली की तेवढं पोषण आकड्यातून वजा होतं.

काय सांगायचं नाही, तेही ऐका. बियाणं, खत, फवारणी, मोटारीचं बिल, जनावरांची पेंड हा शेतीचा खर्च झाला, घराचा नाही. पीककर्जाचा हप्ता, जमीन किंवा प्लॉटची खरेदी यांनाही इथं जागा नाही.

रेशन बंद होईल का?

नाही. ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यापायी लोक फ्रिज, मोटारसायकल, सोनं सांगत नाहीत. कार्डाची पात्रता पुरवठा विभाग ठरवतो. प्राधान्य गटासाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपये आहे. ती तपासणारी यंत्रणा वेगळी आहे आणि सर्वेक्षणातली घरनिहाय उत्तरं तिच्याकडं जात नाहीत. सांख्यिकी संकलन अधिनियम २००८ प्रमाणे ही माहिती सांख्यिकी कामापुरतीच वापरायची असते. बाहेर येणाऱ्या फायलीत नाव-पत्ता नसतो. लाडकी बहीण, घरकुल किंवा पीकविमा यांच्याशीही याचा संबंध नाही.

आलेला माणूस खरा आहे का, हे मात्र जरूर तपासा. ओळखपत्र आणि कार्यालयाचं पत्र मागा. संशय आला तर सरपंच, ग्रामसेवक किंवा जिल्हा सांख्यिकी कार्यालयात विचारा. ओटीपी, आधार क्रमांक, खातं क्रमांक मागितला तर दार लावून घ्या. सर्वेक्षणात या तिन्हींची गरज पडत नाही. रक्त तपासायला, वजन-उंची मोजायला आलेलं पथक वेगळं असतं. ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं असू शकतं.

आकडे हवे असतील तर

इथं मात्र नोंदणी करावी लागते, आणि ती कुणालाही करता येते. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नाव, ईमेल आणि आकडे कशासाठी हवेत ते लिहून खातं उघडायचं. फी नाही. घरनिहाय नोंदी, प्रश्नावली आणि मांडणीची फाइल तिथून उतरवून घेता येते. महाविद्यालयातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य करावं. प्रत्येक घराला दिलेला गुणक, म्हणजे ते घर किती घरांच्या वतीनं बोलतं तो आकडा, लावल्याशिवाय सरासरी काढू नका. या दोन सर्वेक्षणांच्या बळावर एकट्या हिंगोलीचा किंवा जालन्याचा आकडा छातीठोकपणे सांगायलाही जाऊ नका, कारण जिल्ह्यातली घरं त्यासाठी थोडी पडतात. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणांत जिल्हा हा मूळ घटक धरायला सुरुवात झाली आहे, त्यामुळं पुढं चित्र बदलेल.

हेच काम करायची इच्छा असलेल्या मुलामुलींसाठी कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी हे पद आहे. त्याची भरती कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेतून होते. पदवी हवी, आणि बारावीला गणितात किमान ६० टक्के किंवा पदवीला सांख्यिकी हा विषय हवा. अर्ज फक्त आयोगाच्या संकेतस्थळावर होतो. कंत्राटी प्रगणकांच्या जागाही निघतात. तिथंही भरतीसाठी कुणी पैसे मागितले तर जाहिरात कार्यालयाकडून पडताळून घ्या.