नागा राजकीय ऐक्याचे प्रयत्न

ईशान्य भारत आणि वायव्य म्यानमार यांच्या डोंगराळ सीमाभागात राहणाऱ्या नागा जमातींना एका राजकीय छत्राखाली आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभापासून झालेल्या प्रयत्नांची ही नोंद आहे. ‘ऐक्य’ म्हणताना नागा समाजात दोन वेगळ्या गोष्टी अभिप्रेत असतात. एक, चार भारतीय राज्ये आणि एक शेजारी देश यांत विभागलेला नागावस्तीचा प्रदेश एकत्र आणणे. दोन, आपसांत लढणाऱ्या भूमिगत गटांमध्ये सलोखा घडवणे. या दोन्ही मागण्या अनेकदा एकाच व्यासपीठावरून केल्या गेल्या. प्रत्यक्षात मात्र त्यांनी एकमेकींची वाट बरेचदा अडवली आहे.

नागा ही एक जमात नाही. अंगामी, आओ, सुमी, लोथा, कोन्याक, तांगखुल, झेलियांग अशा अनेक जमातींचा हा समूह आहे आणि त्यांच्या भाषा परस्परांना कळत नाहीत. आओ आणि अंगामी माणूस बाजारात भेटले, तर ते नागामीजमध्ये म्हणजे असमियावर आधारलेल्या मिश्र बोलीत बोलतात. नागालँड राज्याची राजभाषा इंग्रजी आहे. पारंपरिक सत्ता गावाची होती, तीही सर्वत्र सारखी नव्हती. कोन्याकांमध्ये आंग हा वंशपरंपरागत प्रमुख असतो, तर अंगामी गावात निर्णय चर्चेने होत आणि कोणा एकाचा हुकूम चालत नसे. नागालँडबाहेर मणिपूरच्या उखरुल, सेनापती, तामेंगलोंग व चंदेल भागांत, अरुणाचलच्या तिरप, चांगलांग व लाँगडिंग जिल्ह्यांत, आसामात आणि म्यानमारच्या सगाईंग प्रदेशात नागा राहतात. मोन जिल्ह्यातल्या लोंगवा गावात आंतरराष्ट्रीय सीमा आंगाच्या घरातूनच जाते. १९६७ च्या भारत–ब्रह्मदेश सीमा कराराच्या वेळी गावकऱ्यांना कोणी विचारल्याचे दिसत नाही.

एकत्र येण्याची पहिली संघटित खूण म्हणजे १९१८ मध्ये कोहिमात स्थापन झालेला नागा क्लब. त्यात सरकारी नोकर, गावप्रमुख आणि पहिल्या महायुद्धात मजूर पलटणीबरोबर फ्रान्सला जाऊन आलेले काही जण होते. १० जानेवारी १९२९ रोजी या क्लबने सायमन कमिशनला निवेदन दिले. ब्रिटिश गेल्यावर आम्हाला पूर्वीसारखे आमच्यावर सोडा, ही त्यातली मागणी सर्वपरिचित आहे. त्याच निवेदनातला दुसरा भाग क्वचितच उद्धृत होतो. आमच्या प्रदेशांच्या भाषा वेगवेगळ्या आहेत, आमच्यात एकी नाही आणि सध्या ब्रिटिश सरकारच आम्हाला एकत्र बांधून आहे, असे सही करणाऱ्यांनी स्वतःच लिहिले होते. नागा राष्ट्रवादाचा हा आद्य दस्तऐवज आहे आणि तो आपल्या उणिवेविषयी नंतरच्या कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा प्रामाणिक आहे.

१९४६ मध्ये नागा नॅशनल काउन्सिल (एनएनसी) स्थापन झाली. जून १९४७ मध्ये आसामचे राज्यपाल अकबर हैदरी यांच्याशी नऊ कलमी करार झाला. दहा वर्षांनंतर काय, या नवव्या कलमाचा अर्थ दोन्ही बाजूंनी वेगवेगळा लावला. अंगामी झापू फिझो यांच्या प्रभावाखाली एनएनसीने १४ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले आणि मे १९५१ मध्ये सार्वमत घेतले. ९९ टक्क्यांहून अधिक कौल स्वातंत्र्याला मिळाल्याचा तिचा दावा होता. भारत सरकारने तो मानला नाही. एनएनसीचे नेते टी. साखरी हे सशस्त्र मार्गाला विरोध करत. जानेवारी १९५६ मध्ये त्यांची हत्या झाली. दोनच महिन्यांनी, २२ मार्च रोजी, भूमिगत ‘नागालँड संघीय सरकार’ घोषित झाले. बंडखोरी आणि लष्करी कारवाई यांच्या कचाट्यात गावे सापडली. १९५८ चा सशस्त्र दले (विशेष अधिकार) कायदा याच काळातला.

येथून पुढे एक क्रम वारंवार दिसतो. एखादा गट दिल्लीशी करार करतो, उरलेले त्याला गद्दारी ठरवतात आणि फूट आणखी खोल जाते.

पहिली वेळ १९६० ची. सर्व जमातींच्या प्रतिनिधींना एकत्र आणणाऱ्या नागा पीपल्स कन्व्हेन्शनने १९५७ ते १९५९ या काळात तीन अधिवेशने भरवली आणि जुलै १९६० मध्ये सोळा कलमी करार केला. त्यातून १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य अस्तित्वात आले. धर्म, रूढी, जमीन व तिची संसाधने यांना संविधानाच्या अनुच्छेद ३७१ अ चे संरक्षण मिळाले. लगतचा नागाप्रदेश जोडून मिळावा ही इच्छा करारात नोंदली गेली, पण तिची पूर्तता झाली नाही. फिझोंच्या अनुयायांना हा करार मान्य नव्हता. कन्व्हेन्शनचे अध्यक्ष इमकोंगलिबा आओ यांची राज्य स्थापन होण्याआधीच, १९६१ मध्ये, हत्या झाली.

१९६४ मध्ये बाप्टिस्ट चर्चच्या पुढाकाराने जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा आणि ब्रिटिश धर्मगुरू मायकेल स्कॉट यांचे शांतिमंडळ नेमले गेले. ६ सप्टेंबरपासून युद्धविराम झाला, वाटाघाटींच्या फेऱ्या झाल्या आणि त्या निष्फळ ठरल्या. १९६८ मध्ये भूमिगत सेनानी काइतो सेमा यांच्या हत्येनंतर प्रामुख्याने सुमी नेत्यांनी वेगळे ‘क्रांतिकारी सरकार’ काढले. भूमिगत चळवळ जमातीच्या रेषेवर उघडपणे फुटली ती इथे.

दुसरी वेळ ११ नोव्हेंबर १९७५ च्या शिलाँग कराराची. भूमिगतांच्या काही प्रतिनिधींनी भारतीय संविधान स्वीकारून शस्त्रे खाली ठेवण्याचे मान्य केले. लंडनमधल्या फिझोंनी कराराला उघड पाठिंबा दिला नाही आणि त्याचा धिक्कारही केला नाही. या मौनाची किंमत मोठी होती. इसाक चिशी स्वू, थुइंगालेंग मुइवा आणि एस. एस. खापलांग यांनी ३१ जानेवारी १९८० रोजी नॅशनल सोशालिस्ट काउन्सिल ऑफ नागालँड (एनएससीएन) स्थापन केली. स्वू सुमी, मुइवा मणिपूरचे तांगखुल आणि खापलांग म्यानमारचे, म्हणजे तीन भूभागांचे तीन नेते एकत्र आले होते. सीमा ओलांडणारे नागा ऐक्य याहून अधिक प्रत्यक्षात कधी उतरले नाही. ते आठ वर्षे टिकले. ३० एप्रिल १९८८ रोजी संशय आणि रक्तपात यांतून आय-एम (इसाक–मुइवा) व के (खापलांग) असे दोन गट झाले आणि पुढे त्यांचेही तुकडे पडले.

फुटीचा भार सामान्य माणसाच्या खिशावर पडला. दिमापूरच्या व्यापाऱ्याला राज्य आणि केंद्र सरकारचे कर भरून शिवाय प्रत्येक गटाचा ‘कर’ द्यावा लागे. तो देणाऱ्याला गट पावतीही देत. २०१३ मध्ये या वसुलीविरुद्ध दिमापुरात मोठे आंदोलन उभे राहिले. ‘एक सरकार, एक कर’ ही त्याची मागणी होती. ऐक्याची इतकी व्यवहारी व्याख्या कोणत्याही भूमिगत गटाने केलेली नाही.

सलोख्याचे टिकाऊ काम बंदूकधाऱ्यांपेक्षा चर्च, विद्यार्थी संघटना आणि स्त्रिया यांनी केले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या नागा मदर्स असोसिएशनने नव्वदच्या दशकात रक्तपात थांबवण्याची मोहीम चालवली. २००८ मध्ये रेव्हरंड वाती आयेर यांच्या निमंत्रणाखाली फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन उभा राहिला. थायलंडमधील चियांग माई येथे त्याने परस्परविरोधी गटांना एकाच टेबलाशी बसवले. १३ जून २००९ च्या सलोखा करारनाम्यावर स्वू, खापलांग आणि संघीय सरकारचे सिंगन्या यांनी सह्या केल्या. त्यात जागावाटप किंवा सत्तावाटप नव्हते. एकमेकांना क्षमा करणे आणि क्षमा मागणे एवढीच प्रतिज्ञा होती. आधीचा क्रम उलटा करून दिल्लीशी बोलण्याआधी आपसांत बोलायचे, हा विचार त्यामागे होता. त्यानंतर गटांमधल्या हत्या लक्षणीय घटल्या. राजकीय एकी मात्र त्यातून आली नाही.

प्रादेशिक एकीकरणाची बाजू अधिक अवघड आहे, कारण तिला शेजाऱ्यांची जमीन लागते. नागालँड विधानसभेने १९६४ पासून लगतचा नागाप्रदेश जोडण्याचे ठराव अनेकदा केले. मणिपूरमध्ये युनायटेड नागा काउन्सिल तीच मागणी करते, तर मणिपूरमधला बहुसंख्य मैतेई समाज ती राज्याच्या फाळणीची चाल मानतो. जून २००१ मध्ये आय-एम गटाबरोबरचा युद्धविराम ‘प्रादेशिक मर्यादेविना’ वाढवल्याचे जाहीर झाले. १८ जूनला इंफाळमध्ये उद्रेक होऊन १८ जण मेले आणि विधानसभेची इमारत पेटली. पुढच्याच महिन्यात केंद्राने ते शब्द मागे घेतले. मे २०१० मध्ये मुइवा आपल्या जन्मगावी सोमदालला निघाले असता मणिपूर सरकारने त्यांना नागालँड–मणिपूर सीमेवरच्या माओ गेटवर अडवले. तिथे दोन विद्यार्थी गोळीबारात ठार झाले.

३ ऑगस्ट २०१५ रोजी केंद्र आणि आय-एम गट यांच्यात ‘चौकट करार’ झाला. आधीचा क्रम पुन्हा सुरू झाला. १७ नोव्हेंबर २०१७ रोजी इतर गटांच्या कृती समितीने केंद्राशी स्वतंत्र ‘सहमत भूमिका’ करारबद्ध केली. आय-एम गट वेगळा ध्वज आणि वेगळे संविधान यांवर अडून राहिला. कृती समितीचा कल जे मिळते आहे ते आता घ्यावे, असा राहिला. राज्याच्या राजकारण्यांनीही आपला वाटा उचलला. २०२१ मध्ये सर्व पक्षांनी मिळून विरोधकच नसलेले सरकार बनवले आणि त्याचे समर्थन नागा प्रश्नाच्या नावाने केले. ही एकी सत्तेच्या वाट्यासाठी होती की वाटाघाटीसाठी, अशी शंका तेव्हाही घेतली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये फोरमच्या मध्यस्थीने आय-एम गट आणि कृती समिती यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. त्यानंतर संबंध व सहकार्यासाठी एक समाईक परिषदही बनली. दोन करार मात्र दोनच राहिले.

दरम्यान पूर्वेकडच्या जमातींनी दुसरीच दिशा धरली आहे. १९६३ नंतर त्वेनसांग भागासाठी वेगळी व्यवस्था होती. तरीही विकासात आपल्याला मागे ठेवले गेले, असे ईस्टर्न नागालँड पीपल्स ऑर्गनायझेशनचे म्हणणे आहे. २०१० मध्ये तिने ‘फ्रंटियर नागालँड’ या वेगळ्या राज्याची मागणी पुढे केली. एप्रिल २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तिच्या आवाहनामुळे पूर्वेकडील सहा जिल्ह्यांत जवळपास कोणीही मतदान केले नाही. एकीचा इतका कडक आदेश आणि त्याचे इतके काटेकोर पालन नागालँडमध्ये अलीकडे दुसऱ्या कोणत्याही संघटनेला जमलेले नाही.