विल्यम्सटाउन, अँडोव्हर, नगर: एका पाळकाच्या प्रवासामागचा इतिहास

नगर (आताचं अहिल्यानगर) भागातला ख्रिस्ती मंडळीचा पाळक अमेरिकेत गेला, मग तो मुलांकडे असो की एखाद्या परिषदेला, की मॅसॅच्युसेट्समधली दोन-तीन ठिकाणं बघितल्याशिवाय परतत नाही. मीही तेच केलं. परत आल्यावर मंडळीत बोलताना जाणवलं, की सेलम, अँडोव्हर ही नावं जुन्या घरांमध्ये ऐकून माहीत आहेत, पण त्यांचा आपल्याशी नेमका संबंध काय, हे तरुणांना कुणी सांगितलेलं नाही. तेवढ्यासाठी ही पार्श्वभूमी.

सुरुवात विल्यम्सटाउनची. १८०६ च्या ऑगस्टमध्ये विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी शेतात प्रार्थनेला जमले होते. वादळी पाऊस आला आणि ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. तिथे आशियात सुवार्ता नेण्याचं बोलणं निघालं. त्या जागी १८६७ साली उभारलेला संगमरवरी स्तंभ आहे. माथ्यावर पृथ्वीचा गोल, खाली कोरलेली गवताची गंजी, पाच जणांची नावं आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ‘शेत हे जग आहे’ हे वचन. स्तंभ काही फार भव्य नाही. कॉलेजची मुलं त्याच्या शेजारून पाठपिशव्या घेऊन वर्गाला जातात.

या बोलण्यातून १८१० साली ‘अमेरिकन बोर्ड’ ही परदेशी मिशनकार्याची संस्था निघाली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा दिली गेली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट पुढे मुंबईला आले. (सेलममध्ये आज दिसते ती चर्चची इमारत मात्र नंतरची आहे. जुनी वास्तू बघायला मिळेल या आशेवर जाऊ नये.)

मुंबई त्यांनी ठरवून निवडली नव्हती. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीने निघून जायचा हुकूम दिला. त्यातच इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलेलं, म्हणजे हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक. १८१३ च्या फेब्रुवारीत ते मुंबईत उतरले, तर तिथूनही इंग्लंडला रवानगी करायचं ठरलं. ते टाळायला दोघे जहाजाने कोचीनला निसटले आणि तिथून पकडून परत आणले गेले. अखेर गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांनी नमतं घेतलं. अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं ते असं. इंग्रज सरकारच्या आशीर्वादाने मिशनरी आले, हे आपल्याकडे सरसकट ऐकू येतं. या दोघांच्या बाबतीत ते खरं नाही.

नॉट आजारी पडून १८१५ साली मायदेशी गेले. हॉल राहिले. छापखाना आला, मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं गेलं, शाळा निघाल्या. १८२६ च्या मार्चमध्ये हॉल नाशिक-त्र्यंबककडे फिरतीवर गेले, तेव्हा तिथे पटकीची (कॉलराची) साथ होती. जवळची औषधं ते आजाऱ्यांना वाटत राहिले. परतीच्या वाटेवर एका खेड्यातल्या देवळाच्या आसऱ्याला थांबले असताना त्यांनाच पटकी झाली आणि २० मार्चला ते गेले. सोबत मिशनकडची दोन मुलं होती, त्यांनीच माती दिली. मूर्तिपूजेविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या माणसाला शेवटी निवारा मिळाला तो देवळाचा. सेलममध्ये उभं राहिल्यावर त्या दीक्षेच्या समारंभापेक्षा मला ही गोष्टच जास्त आठवत होती.

मिशनचं नगरमधलं ठाणं १८३१ चं. शाळा, मंडळी, आणि १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक, हे सगळं वाचकांना बहुतेक माहीत आहे. न्यू हॅम्पशरहून आलेल्या सिंथिया फरार यांच्याबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. बोर्डाने परदेशी पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. १८२७ साली त्या मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली होती. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली, तिच्यामागे ही प्रेरणा होती. नगरला त्यांचं नाव निघतं. त्यांच्या मायदेशात मी ज्यांच्याशी बोललो, त्यांतल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं.

बोर्डाची कागदपत्रं आता हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. तिथे पेन बाहेर ठेवून पेन्सिल घेऊन बसावं लागतं. मराठी मिशनची पत्रं ज्या संग्रहात आहेत, त्याच संग्रहात चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांमधल्या मिशनचीही पत्रं आहेत. नगरचं ठाणं सुरू झालं त्याच १८३१ साली, जॉर्जिया राज्याच्या कायद्यापुढे मान तुकवायला नकार दिला म्हणून बोर्डाचे मिशनरी सॅम्युएल वूस्टर तुरुंगात गेले. सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, तरीही १८३८ मध्ये चेरोकींना त्यांच्या भूमीवरून हुसकावलंच. आपला वारसा म्हणून मिरवताना बोर्डाच्या इतिहासाचं हे पानही सोबत येतं. मी ते आधी कधी उघडलं नव्हतं.

बोस्टनच्या मुख्यालयातून बोर्डाचा हात नगरपर्यंत किती पोचत होता, ते रूफस अँडरसन यांच्या दौऱ्यावरून कळतं. बोर्डाचे हे चिटणीस १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले. मंडळ्या स्वावलंबी व्हाव्यात, पाळक इथलेच असावेत, असा त्यांचा आग्रह होता. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरला दीक्षा मिळाली. पण याच अँडरसन यांनी मिशनच्या शाळांतलं इंग्रजी शिक्षण आवरतं घ्यायला लावलं. मान एका हाताने दिला आणि दार दुसऱ्या हाताने लावलं, असं माझं मत आहे. काही जण अँडरसन यांची बाजू घेतात, तीही अगदी लंगडी नाही.

आता अँडोव्हर. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ चा, मुंबईतला, मिशनरी घरातला. शिक्षण येलला आणि अँडोव्हरच्या धर्मशास्त्र विद्यालयात झालं आणि १८७४ मध्ये ते नगरला आले. रजेवर असताना १८८६ साली ते अँडोव्हरच्या समारंभात बोलले. ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचं नाव कधी पडलंच नाही, त्यांना मरणानंतर संधी मिळू शकेल या विचाराला त्यांनी सहानुभूती दाखवली. त्या काळी हा वाद तिकडे चांगलाच पेटलेला होता. बोर्डाच्या कार्यकारी समितीने ह्यूम यांना नगरला परत पाठवणं अडवून धरलं. परवानगी मिळाली ती १८८७ मध्ये.

हा प्रश्न बोस्टनमध्ये धर्मशास्त्राचा होता. नगरला तो घरातला होता. बाप्तिस्मा घेतलेला मुलगा विचारणारच, की माझी आजी पंढरीची वारी करत गेली, तिचं काय? उत्तर देणाऱ्या मिशनरीला रोज त्याच माणसांत राहायचं असे. ह्यूम यांचं मत केवळ पुस्तकं वाचून बनलं, हे मला पटत नाही. बोर्डाने नगरला शिकवण पाठवली हे खरं, पण ह्यूम यांच्यासोबत नगरचा प्रश्नही अँडोव्हरला जाऊन थडकला. अँडोव्हरचं ते धर्मशास्त्र विद्यालय १९०८ सालीच तिथून हललं. त्या आवारात आता फिलिप्स अकॅडमी ही शाळा आहे.

नगरला तोवर गाणंही बदललं होतं. इंग्रजी चालींवरच्या गीतांशेजारी कृष्णराव सांगळे यांची कीर्तनं आली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आले आणि त्यांचे अभंग, भजनं उपासनेत रुजली. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. ह्यूम यांना नुसत्या मतासाठी वर्षभर अडकून पडावं लागलं होतं. टिळकांनी दरबार भरवायला बोस्टनला विचारलंच नाही.