नुसता रंग बदलायला दोन दिवस का लागतात?

वेबसाइटच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"रंग बदलाले इतला पैसा लागतस का भाऊ?" मागच्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर अमळनेरकडच्या एका ग्राहकाने काउंटरवर बिल ठेवत हे विचारलं. त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आलं नाही. दोन फोन वाजत होते, तिसरा माणूस वीज गेल्यामुळे इन्व्हर्टरशी झटत होता, आणि प्रश्न तर रास्त होता. तेच उत्तर सवडीने लिहून काढलं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या दुकानांच्या, डाळमिलच्या आणि क्लासच्या वेबसाइट आम्ही सांभाळतो, त्या सगळ्यांना हे पत्रक बिलासोबत देतो. पटलं नाही तर बिलावर भांडायला जरूर या, चहा आमच्याकडून.

स्टाइलशीट म्हणजे काय, ते आधी

वेबसाइटवरचा मजकूर एका ठिकाणी असतो आणि तो दिसायचा कसा, हे दुसऱ्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ही दुसरी फाइल म्हणजे स्टाइलशीट, आणि तिची भाषा म्हणजे सीएसएस. होकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये, सर्न या संशोधन संस्थेत असताना, तिची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये पहिली अधिकृत आवृत्ती आली. आज तुमच्या मोबाइलवर दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पानाचा रंग, अक्षर, रेघ, मोकळी जागा हीच भाषा ठरवते. तिचा एक नियम असा दिसतो (संगणकात तो रोमन लिपीत असतो, इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत उतरवला आहे):

.भावफलक {
  कलर: रेड;
  बॉर्डर: १पीएक्स सॉलिड रेड;
}

म्हणजे पानावर 'भावफलक' नावाचा जो चौकोन असेल, त्यातली अक्षरं लाल आणि भोवतालची रेघही लाल. एवढंच असतं तर आम्हीही दोन दिवस मागितले नसते. पण तयार थीमवर, म्हणजे आयत्या साच्यावर, उभ्या केलेल्या दुकानाच्या वेबसाइटमध्ये असे नियम शेकड्याने असतात, कधी हजारांनी, आणि ते एका माणसाने लिहिलेले नसतात. थोडे थीमवाल्याचे, थोडे प्लगइनवाल्यांचे (प्लगइन म्हणजे वरून जोडलेली जादा सोय), थोडे तुमच्या पुतण्याने कॉलेजात असताना टाकलेले.

आमची एक जुनी चूक

काही वर्षांपूर्वी ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका दुकानदाराने सांगितलं, लाल काढा, हिरवा करा. आम्ही फाइल उघडली, 'शोधा आणि बदला' दाबलं, 'रेड'च्या जागी 'ग्रीन' केलं आणि पाच मिनिटांत काम उरकून जेवायला गेलो.

संध्याकाळी फोन आला: उधारीचा तक्ता गेला. तक्ता होता, पण त्याच्या रेघा नव्हत्या आणि आकडे एकमेकांवर चढले होते. झालं असं होतं की त्या तक्त्याच्या नियमाचं नाव 'क्रेडिट' होतं. क्रेडिटचं इंग्रजी स्पेलिंग मनात आणा: सी, मग आर-ई-डी, मग आय-टी. आमच्या हुशार बदलाने त्याचं 'सी-ग्रीन-आयटी' करून टाकलं. पान अजून 'क्रेडिट'लाच हाक मारत होतं आणि ओ द्यायला कुणी नव्हतं. 'बॉर्डर्ड' आणि 'रिक्वायर्ड' या शब्दांच्या शेवटीही तीच तीन अक्षरं आहेत. त्यांचीही तीच गत झाली.

वर गंमत अशी, की पानाच्या माथ्यावरची पट्टी लालच राहिली. तिथे रंग 'रेड' असा लिहिलाच नव्हता, '#एफएफ००००' अशा सांकेतिक आकड्यात लिहिला होता. एकच लाल '#एफ००' असाही लिहितात, 'आरजीबी(२५५, ०, ०)' असाही, 'एचएसएल(०, १००%, ५०%)' असाही. हात लावायचा नव्हता ते बदललं आणि बदलायचं होतं ते राहून गेलं. आणि ब्राउझरने हूं की चूं केलं नाही. सीएसएसचा स्वभावच असा आहे: न कळलेली ओळ ब्राउझर मुकाट्याने सोडून देतो आणि पुढे वाचतो. म्हणून चूक आम्हाला दिसत नाही, तुमच्या गिऱ्हाइकाला दिसते.

त्या कामाचे पैसे आम्ही घेतले नाहीत. तेव्हापासून स्टाइलशीटवर सरसकट 'शोधा आणि बदला' आमच्याकडे बंद आहे.

मग आता कसं करतो

आता फाइल मजकूर म्हणून उघडत नाही, पार्सरला वाचायला देतो. पार्सर म्हणजे सीएसएसचं व्याकरण येणारा प्रोग्रॅम. आम्ही वापरतो त्या लायब्ररीचं, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या आयत्या प्रोग्रॅमचं, नाव पोस्टसीएसएस. आंद्रेय सित्निक यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली. ती जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत आहे आणि एमआयटी परवान्याखाली फुकट मिळते, त्यामुळे तिच्या नावाने बिलात एक पैसाही नसतो. (दुसरीकडे कुणी 'सॉफ्टवेअर चार्ज' म्हणून वेगळी ओळ लावली असेल तर ती कशाची, हे नक्की विचारा.)

रावेर-यावलच्या ग्राहकांना हे समजावायला आम्हाला वेळ लागत नाही. केळीचा घड डोळ्यापुढे आणा. मधला दांडा म्हणजे अख्खी फाइल. दांड्याला फण्या, म्हणजे एकेक नियम. फणीला केळी, म्हणजे 'कलर: रेड' यासारखी एकेक ओळ. पार्सर सपाट मजकुराचा असा घड बांधून देतो. मग आम्ही त्याला सांगतो: प्रत्येक केळ्याजवळ जा, त्याचं नाव कलर, बॅकग्राउंड किंवा बॉर्डर यांपैकी असेल तरच त्याची किंमत, म्हणजे नावापुढे लिहिलेलं 'रेड' वगैरे, बघ. लायब्ररीत या फेरीला 'वॉकडेक्ल्स' म्हणतात. 'क्रेडिट' हे फणीचं नाव आहे, केळ्याची किंमत नाही, त्यामुळे त्याच्याकडे कुणी फिरकतच नाही. मोबाइलसाठीचे नियम 'ॲट-मीडिया' नावाच्या खोक्यात असतात, म्हणजे घडाच्या आत आणखी फण्यांचा गठ्ठा. असं बागेत होत नाही, तेव्हा केळी इथेच उतरवून ठेवू.

हे हाताने का जमत नाही, याचा एक नमुना. काही थीम छोटी चित्रं स्टाइलशीटमध्येच मजकुराच्या रूपात कोंबतात. त्या मजकुराची सुरुवात 'डेटा:इमेज/पीएनजी;बेस६४,' अशी असते. मधला अर्धविराम पाहा. सीएसएसमध्ये अर्धविराम म्हणजे ओळ संपली, पण हा अर्धविराम कंसातल्या पत्त्याचा भाग आहे, इथे काहीच संपत नाही. अर्धविरामापाशी कापत जाणारी घरगुती स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) इथे चित्राचे दोन तुकडे करते. पार्सर आधी फाइलचे शब्द, आकडे, अवतरणं, कंस असे तुकडे वेगळे करतो आणि मगच अर्थ लावतो, म्हणून तो फसत नाही. कुणी महिरपी कंस बंद करायला विसरला असेल तर पोस्टसीएसएस काम थांबवते आणि कितव्या ओळीत, कितव्या अक्षरापाशी ते सांगते. तुमच्या निम्म्या जुन्या फाइलींमध्ये आम्हाला अशी एखादी तरी भानगड पहिल्याच वाचनात सापडते.

तरी एक अडचण उरतेच. 'बॉर्डर: १पीएक्स सॉलिड रेड' यातली किंमत ही लायब्ररी एकसंध मजकूर म्हणून ठेवते, आत शिरत नाही. जाडी कुठली, रेघ कुठली, रंग कुठला हे वेगळं करायला पोस्टसीएसएस-व्हॅल्यू-पार्सर नावाची दुसरी छोटी लायब्ररी जोडावी लागते. दोन रंगांच्या छटा एकात एक मिसळलेल्या पट्ट्या असतील तर तिच्याशिवाय सुटका नाही.

आम्हाला या लायब्ररीत सगळ्यात आवडते ती एक बारीकशी गोष्ट. घड पुन्हा मजकुरात उतरवताना न बदललेल्या ओळी ती जशाच्या तशा देते, मोकळ्या जागा आणि शेरे यांच्यासकट. त्यामुळे जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवली की फक्त बदललेल्या ओळी दिसतात. हाच 'आधी–नंतर' कागद आम्ही बिलाला टाचतो. एकदा तरी नजर घाला त्याच्यावर, फार कमी लोक घालतात.

दोन दिवस जातात ते इथे

मशीनचं काम डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं. वेळ खातो तो प्रश्न: कुठला लाल? नंदुरबारच्या मिरचीच्या व्यापाऱ्याच्या पानावर तीन प्रकारचे लाल होते. एक मालाचा, एक 'मोबाइल नंबर चुकला' असं सांगणाऱ्या सूचनेचा, एक सवलतीच्या चिठ्ठीचा. तिन्हींची किंमत अक्षरशः एकच. पार्सर तिन्ही शोधून ओळ क्रमांकासह यादी देतो, पण कुठला मालाचा आणि कुठला सूचनेचा हे त्याला कळत नाही. ते आम्ही एकेक नियम पानावर उघडून बघतो आणि अडलं की तुम्हाला फोन करतो. फोन उचललात तर एक दिवस वाचतो.

सराफ मंडळींसाठी वेगळं सांगायला हवं. सगळ्यांना पांढऱ्यावर सोनेरी अक्षरं हवी असतात. सीएसएसमध्ये 'गोल्ड' नावाचा रंग खरोखर आहे. पण पांढऱ्या कागदावर त्याचा उठाव, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, १.४ ला १ एवढाच भरतो. वाचायला सोयीचं व्हावं म्हणून वेबच्या सुलभता नियमांनी साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ धरला आहे. म्हणजे भर उन्हात रस्त्यावर उभ्या गिऱ्हाइकाला तुमचा आजचा भाव दिसणारच नाही. तेच उलटं करा, सोनेरी पट्टीवर काळी अक्षरं, की उठाव १५ ला १ च्या घरात जातो. रंग बदलताना प्रत्येक जोडीचं हे गणित स्क्रिप्ट करते आणि कमी भरलेल्या जोड्या लाल शाईत छापते. त्यावर 'नको, मला हेच पाहिजे' म्हणालात तर तेच करून देऊ, पण एकदा सांगितल्याशिवाय राहणार नाही.

मराठी मजकुराचं दुखणं

तयार थीम इंग्रजी डोळ्यांसाठी बनलेल्या असतात. मथळ्याला 'लेटर-स्पेसिंग' म्हणजे अक्षरांमध्ये फट दिलेली असते. इंग्रजीत ती रुबाबदार दिसते. मराठीत तिने शिरोरेघ तुटते आणि 'शेवभाजी मसाला' हे कुणीतरी सुरीने कापल्यासारखं दिसतं. ओळींमधलं अंतर इंग्रजी मापाचं ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. सगळी अक्षरं कॅपिटल करा, हा आदेश मराठीवर काहीच परिणाम करत नाही. तो निरुपद्रवी आहे, राहू द्या.

या जागा हाताने शोधणं म्हणजे भरल्या पोत्यातून खडे वेचणं. पार्सरला सांगितलं की तो प्रत्येक 'लेटर-स्पेसिंग' ओळ दाखवतो, आणि आम्ही मराठी मजकुरापुरती ती 'नॉर्मल' करतो. इंग्रजी मथळ्यांची फट तशीच राहते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे काम मागितलं नव्हतं, तरी आम्ही केलं आणि बिलात धरलं नाही. बघवतच नव्हतं.

पुढच्या वर्षीचं बिल कमी करायचं असेल तर

सगळे रंग एकदाच फाइलच्या माथ्यावर नावाने लिहून ठेवता येतात, आणि खाली सगळीकडे फक्त ते नाव वापरायचं. उदाहरणार्थ वर '--दुकान-रंग' आणि खाली 'कलर: व्हार(--दुकान-रंग)'. हे नाव खरोखर देवनागरीत लिहिलं तरी ब्राउझर कुरकुर करत नाही. विखुरलेले रंग अशा नावांखाली आणायचं काम पोस्टसीएसएसने एकदा केलं की पुढे आखाजीला पिवळा, दिवाळीला केशरी, एवढं एका ओळीत होतं. ती ओळ कुठली, हे आम्ही तुम्हाला दाखवून ठेवतो. यात आमचा धंदा बुडतो हे आम्हालाही कळतं, पण आखाजीच्या आठवड्यात चाळीस जणांचे रंग बदलण्यापेक्षा ते परवडतं.

जे यातून होत नाही

लोगो आणि जाहिरातीची चित्रं ही चित्रं आहेत, त्यांचा रंग स्टाइलशीटने बदलत नाही. ते काम डिझायनरचं. पानाच्या मजकुरातच कुणी रंग घुसवला असेल तर तो वेगळा शोधावा लागतो आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरची थीम असेल तर तिच्या मूळ फाइलला आम्ही हात लावत नाही, कारण पुढच्या अपडेटला केलेलं सगळं पुसलं जातं. बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमला जोडलेल्या वेगळ्या फाइलींमध्ये, जातात. याआधी दुसऱ्या कुणाकडून काम करून घेतलं असेल आणि एके सकाळी सगळे रंग आपोआप जुने झाले असतील, तर बहुधा हेच घडलेलं असतं.

येताना होस्टिंगचा (वेबसाइट ठेवलेल्या जागेचा) पासवर्ड आणा, चिठ्ठीवर नको, फोनमध्ये. नवा रंग तोंडी सांगू नका, 'जरा गडद' या शब्दाचे आमच्याकडे आजवर सात अर्थ झाले आहेत. कापडाचा तुकडा, पिशवी, दुकानाच्या पाटीचा फोटो, काहीही चालेल. फाइल वाचून यादी काढण्याचे पैसे नाहीत, यादी बघून मग काम द्यायचं की नाही ते ठरवा. आखाजीच्या आधीचे दहा दिवस मात्र नवीन काम घेत नाही.

काम झाल्यावर फोनमध्ये जुनाच रंग दिसला तर घाबरू नका. ब्राउझर जुनी स्टाइलशीट साठवून ठेवतो. आम्ही फाइलच्या पत्त्याला नवा क्रमांक जोडतो म्हणून सहसा असं होत नाही. तरी दिसलाच, तर पान एकदा खाली ओढून ताजं करा, आणि मग फोन करा. रात्री नऊपर्यंत उचलतो.