‘स्मार्ट’ला फुल फॉर्म नाही

‘स्मार्ट’ हा शब्द स्पेसिफिक, मेझरेबल अशा पाच शब्दांच्या आद्याक्षरांतून तयार झाला, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. गैरसमज साहजिक आहे, कारण उद्दिष्टं ठरवण्याचं तसं सूत्र खरंच आहे. पण ते १९८१ सालचं, आणि शब्द जवळपास हजार वर्षं जुना! जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता झोंबणारं, वेदना देणारं. साबण गेल्यावर डोळे चुरचुरतात ना, त्याला इंग्रजीत आजही ‘स्मार्ट’ हेच क्रियापद आहे. झोंबरं, मग चपळ, मग हुशार असा अर्थ सरकत गेला. आपल्या ‘कुशाग्र’ बुद्धीतही गवताचं अणकुचीदार टोकच आहे. पडताळायचं असेल तर व्युत्पत्ती देणारा मोठा इंग्रजी शब्दकोश उघडा आणि शब्दाची सर्वांत जुनी नोंद कोणत्या काळातली आहे, ते पाहा.