मुद्रा : राणीच्या शिक्क्यापासून भिंतीवरच्या तक्त्यापर्यंत

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या सकाळच्या योगवर्गात एक गंमत महिन्यातून एकदा तरी होतेच. शिक्षक म्हणतात, ‘आता योगमुद्रा.’ साठीच्या पुढची मंडळी मांडी घालतात, हात पाठीमागे धरतात आणि कपाळ सतरंजीकडे नेतात. चाळिशीच्या आतले डोळे मिटून, अंगठा तर्जनीला लावून ताठ बसतात. मग मागून कोणीतरी म्हणतं, ‘काकू, वाकून काऊन राहिल्या? बोटं जोडाचे आहे ना!’ काकूंचं नाक जमिनीजवळ असतं, तिथूनच उत्तर येतं, ‘आमच्या शाळेत हेच शिकवलं होतं बाप्पा.’

दोघंही बरोबर आहेत. एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या घरच्या गोष्टी राहायला आल्या, त्यातून हा घोळ झाला. वर्गाच्या भिंतीवर लॅमिनेट केलेला तक्ता आहे: ज्ञानमुद्रा स्मरणशक्तीला, वायुमुद्रा सांधेदुखीला, सूर्यमुद्रा वजनाला, प्राणमुद्रा डोळ्यांना. वर लिहिलंय, ‘प्राचीन ऋषिमुनींची देणगी’. मुद्रा प्राचीन आहेत यात शंका नाही. तक्ता मात्र नाही.

मुळात मुद्रा म्हणजे शिक्का, छाप. याचा पुरावा नागपूरकरांना फार लांब शोधावा लागत नाही. रामटेकजवळच्या नगरधनला, म्हणजे वाकाटकांच्या नंदिवर्धनला, अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्ता राणीच्या नावाची मातीची लहानशी मुद्रा सापडली. तिच्यावर ब्राह्मी अक्षरं आणि शंख आहे. ती सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीची. अशी छाप वस्तूवर किंवा पत्रावर बसली की ते बंद झालं; मालकाशिवाय दुसऱ्यानं उघडायचं नाही. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतही शेवटी ‘मुद्रा भद्राय राजते’ असंच येतं. मुद्रित, मुद्रणालय, मुद्रांक शुल्क हे सगळे शब्द याच अर्थाचे. नोंदणी कार्यालयातल्या रांगेत उभा असलेला माणूस एका अर्थानं मुद्रेसाठीच ताटकळत असतो.

हठयोग्यांनी हा शब्द उचलला तो याच अर्थानं: मोहोर लावून बंद करणं. त्यांचं शरीरशास्त्र असं होतं की टाळूच्या वर चंद्र आहे, त्यातून अमृत ठिबकतं आणि नाभीजवळचा सूर्य ते जाळून टाकतो. म्हणून माणूस म्हातारा होतो. मग उपाय काय? गळती बंद करा. गळ्याशी जालंधर, पोटाशी उड्डीयान, खाली मूलबंध अशी कुलपं लावा, आणि श्वासाला इडा-पिंगला या डाव्या-उजव्या नाड्यांतून काढून मधल्या सुषुम्नेत घाला. किंवा सरळ उलटे व्हा, म्हणजे सूर्य वर आणि चंद्र खाली, ती विपरीतकरणी. यात बोटांचा कुठेही संबंध नाही. मुद्रा करायची ती अख्ख्या देहानं.

महामुद्रा, महाबंध आणि महावेध या देहाच्या मुद्रांची पद्धतशीर मांडणी सापडते तो आजवरचा सर्वांत जुना ज्ञात ग्रंथ म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातली ‘अमृतसिद्धी’. आणि तो वज्रयानी, म्हणजे तांत्रिक, बौद्धांच्या वर्तुळात तयार झाला, असं अभ्यासक दाखवतात. पुढे ही विद्या नाथपंथात मुरली. नाथजोगी कानात जी कुंडलं घालतात, त्यांनाही मुद्राच म्हणतात, हा आणखी एक घोळ. तांत्रिकांच्या पंचमकारांत, म्हणजे ‘म’नं सुरू होणाऱ्या पाच गोष्टींत, तर मुद्रा म्हणजे भाजलेलं धान्य! शब्द किती घरचं पाणी प्यालाय ते बघा.

नाथांकडून ही विद्या मराठीत आली ती ज्ञानेश्वरांमुळे. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडला की मूळबंध, वोढियाणा, जालंधर सगळे भेटतात. वोढियाणा म्हणजे उड्डीयान. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. आसन जमलं की करसंपुट ‘आपैसें’ डाव्या पायावर येऊन बसतं, असं ज्ञानदेव सांगतात. आपैसें, म्हणजे आपोआप. कोणतं बोट कुठे टेकवायचं याची चर्चाच नाही.

त्यानंतर पंधराव्या शतकात स्वात्मारामांनी ‘हठप्रदीपिका’ रचली. तिसरा उपदेश पूर्ण मुद्रांचा, आणि मुद्रा दहा: महामुद्रा, महाबंध, महावेध, खेचरी, उड्डीयान, मूलबंध, जालंधर, विपरीतकरणी, वज्रोली, शक्तिचालन. ‘घेरंडसंहिते’त आणखी दोनेकशे वर्षांनी हा आकडा पंचविसावर गेला, शांभवी, अश्विनी, काकी, मातंगी वगैरे भर पडली. आजच्या तक्त्यातली सूर्यमुद्रा, वरुणमुद्रा किंवा अपानवायुमुद्रा या दोन्ही याद्यांत नाही.

पण फायद्यांची जाहिरात आजचीच आहे असं समजू नका. ‘हठप्रदीपिका’ या दहा मुद्रांना ‘जरामरणनाशनम्’ म्हणते. महामुद्रेनं क्षय, कुष्ठ, गुल्म, अजीर्ण जातात आणि घोर विषसुद्धा अमृतासारखं पचतं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. खेचरीसाठी, म्हणजे जीभ उलटी वळवून टाळूत घालायच्या मुद्रेसाठी, जिभेखालचा पडदा दर आठवड्याला केसभर कापून त्यावर सैंधव आणि हरड्याची पूड चोळायला सांगितलंय. हे वाचून कोणी घरी ब्लेड घेऊन बसू नये. जुन्या ग्रंथात लिहिलंय म्हणून खरं, असं मानायचं तर मग सगळंच मानावं लागेल.

या दाव्यांना पहिल्यांदा यंत्रासमोर उभं केलं ते एका मराठी माणसानं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ नियतकालिक सुरू केलं. उड्डीयान आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) करणाऱ्याचे क्ष-किरण फोटो घेतले, आतड्यातला दाब मोजला. नौलीत मोठ्या आतड्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांना दिसलं. आपल्या गुरूंच्या नावावरून त्यांनी त्याला ‘माधवदास व्हॅक्यूम’ नाव दिलं. अमृत गळतं की नाही ते यंत्रावर येणार नव्हतं. पोटात काय होतं ते आलं. आमच्या काकूंची वाकायची योगमुद्रा त्यांच्याच अभ्यासक्रमातून पुढे शाळाशाळांत पोचली. नागपुरात रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळानं कित्येक दशकं विनामूल्य वर्ग चालवले आणि योग मध्यमवर्गीय घरांत रुजवला, त्यामुळे इथल्या एका पिढीला योग म्हणजे आधी अंग वाकवणं एवढंच पक्कं ठाऊक आहे.

शरीराला होणारा फायदा शोधायचा तर तो या देहाच्या मुद्रांत सापडतो. मूलबंधात ओटीपोटाच्या तळाचे जे स्नायू आवळतात, त्यांचेच व्यायाम १९४८ साली अर्नॉल्ड केगेल या अमेरिकी डॉक्टरांनी बाळंतपणानंतर लघवीवर ताबा राहत नाही अशा बायकांसाठी मांडले, आणि आजही ते सांगितले जातात. उड्डीयान उपाशीपोटीच करायचा. रक्तदाब, हर्निया, अल्सर किंवा गरोदरपण असेल तर नाहीच. काचबिंदू असलेल्यांनी विपरीतकरणीच्या वाटेला जाऊ नये. आमच्याकडे तर्री-पोहे खाऊन वर्गाला येणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना हे वेगळं सांगावं लागतं.

आता बोटं. ती तीन वाटांनी आली. पहिली वाट मूर्तींची. अजिंठ्याचं सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं खोदवलं. आतला भव्य बुद्ध धर्मचक्रमुद्रेत बसलाय. कामठी रोडवरच्या नागलोकातला सोनेरी बुद्ध चालतोय आणि त्याचा उजवा हात अभय देतोय. नागपुरात वस्तीवस्तीतल्या विहारांत ध्यानमुद्रा आणि भूमिस्पर्शमुद्रा लहान पोरंही ओळखतात. इथे बोटं काही बरं करत नाहीत, ती सांगतात: भिऊ नकोस, मी शिकवतोय, ही धरती साक्षी आहे. तर्जनी-अंगठ्याची चिन्मुद्राही अशीच. दक्षिणामूर्ती शिव न बोलता शिष्यांना ज्या ‘भद्रा मुद्रे’नं शिकवतो ती हीच. तर्जनी म्हणजे जीव, अंगठा म्हणजे ब्रह्म, उरलेली तीन बोटं म्हणजे तीन गुण, असा अर्थ वेदान्ती लावतात. वाकल्याशिवाय तर्जनी अंगठ्याला भेटत नाही, यातच सगळं आलं.

दुसरी वाट नृत्याची, पण तिथला जुना शब्द मुद्रा नाहीच, ‘हस्त’ आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात एका हाताचे चोवीस आणि दोन्ही हातांचे तेरा. नर्तकीच्या हाताला मुद्रा म्हणणं नंतर रूढ झालं.

तिसरी वाट पूजेची, आणि माझ्या मते तक्ता निघाला तो इथून. देवाला बोलावताना आवाहनी, बसवताना स्थापनी, कलशावर धेनुमुद्रा. गायत्रीजपाआधी सुमुख, संपुट, वितत, विस्तृत करत चोवीस मुद्रा. आमचे आजोबा जेवायला बसले की चित्राहुती घालून ‘प्राणाय स्वाहा’ पासून पाच घास घ्यायचे; काही पूजापद्धतींत नैवेद्य दाखवताना त्यातल्या प्राणासाठी अंगठा, अनामिका आणि करंगळी जोडतात. भिंतीवरच्या तक्त्यातली प्राणमुद्रा हुबेहूब हीच. फरक इतकाच की आजोबांची बोटं देवाला जेवू घालत होती, आमची चष्म्याचा नंबर कमी करायला बसली आहेत. ‘कुलार्णवतंत्र’ मुद्रेची व्युत्पत्तीच अशी देतं की देवांना मोद देते आणि मन द्रवायला लावते, ती मुद्रा.

पाच बोटं म्हणजे पाच महाभूतं, आणि बोट दाबलं की ते तत्त्व कमी-जास्त होऊन आजार जातो, ही मांडणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिबिरांतून, पुस्तिकांतून पसरली. तिच्यात अंगठा अग्नी, तर्जनी वायू, मधलं बोट आकाश, अनामिका पृथ्वी, करंगळी जल. आमच्याच वर्गात एक निवृत्त गुरुजी येतात. त्यांनी एकदा तक्त्यासमोर उभं राहून मानसपूजा म्हणून दाखवली. ‘लं पृथिव्यात्मकं गन्धम्’ म्हणताना करंगळी, ‘हं आकाशात्मकं पुष्पम्’ला अंगठा, ‘यं’ म्हणजे वायूला तर्जनी, ‘रं’ म्हणजे अग्नीला मधलं बोट, ‘वं’ला, म्हणजे अमृताला, जलतत्त्वाला, अनामिका. पाचांपैकी तर्जनी तेवढी जुळली. ‘आता सांगा,’ गुरुजी म्हणाले, ‘अंगात पाणी कमी झालं तर कोणतं बोट दाबू? मे महिन्यात चुकलं तर महागात जाईल.’

तरी बोटं जोडून बसण्यात काही नाही असं मी म्हणणार नाही. मेंदूत हातांसाठी राखलेली जागा पाठ-पोटाच्या मानानं खूप मोठी आहे. बोटांच्या टोकांचा हलका स्पर्श लक्षाला बसायला खुंटी देतो. दहा मिनिटं तसं बसून श्वास सावकाश सोडला की नाडी शांत होते, झोप बरी लागते, हे मी स्वतः अनुभवलंय. ते श्रेय बोटाचं किती आणि श्वासाचं किती, हे मला वेगळं काढता येत नाही. पण एका काकांनी तक्ता बघून मधुमेहाची गोळी अर्धी केली होती, तेव्हा सगळा वर्ग मिळून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला.

तक्ता अजून भिंतीवर आहे, गुरुजींनी त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आपली पाच तत्त्वं लिहून ठेवली आहेत. शिक्षक आता सूचना देताना जपतात: ‘योगमुद्रा. वाकायची ती.’